मारियापोच, हंगेरी: ग्रीक कॅथलिक सिस्टरांच्या पाहुणेघराचा रिव्ह्यू

वसई, मुंबई, नाशिककडचे फादर-सिस्टर मला नेहमी विचारतात की सुट्टीत युरोपला जातोय, वैयक्तिक तपसाधनेला कुठे राहू, आणि दरवेळी तीच नावं पुढे येतात, लूर्द, फातिमा, असिसी, रोम. सगळी चांगलीच आहेत, पण मी यंदा प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका वेगळ्याच ठिकाणी आठवडाभराहून थोडा जास्त राहून आलो आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला तेच सांगतोय, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकतो. हंगेरीच्या पूर्व टोकाला मारियापोच नावाचं तीर्थक्षेत्र आहे, कागदावर शहर पण वस्ती जेमतेम दोनेक हजार, तिथे ग्रीक कॅथलिक सिस्टरांच्या कॉन्व्हेंटला लागून पाहुण्यांसाठी थोड्या खोल्या आहेत. जाहिरात नको असं सिस्टरांनी सांगितलंय त्यामुळे घराचं नाव टाकत नाही, बॅसिलिकाजवळ कुणालाही विचारा, बोट करून दाखवतील.

आधी ग्रीक कॅथलिक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. ही माणसं हंगेरियन, भाषा हंगेरियन, फक्त त्यांची उपासना कॉन्स्टँटिनोपलच्या परंपरेतली आहे, म्हणजे दिसायला-ऐकायला ऑर्थोडॉक्ससारखी, पण पोपसाहेबांशी पूर्ण ऐक्यात. 1646 साली उंगवारला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या उझहोरोदला, 63 धर्मगुरूंनी रोमशी ऐक्य केलं, या भागातल्या ग्रीक कॅथलिकांची मुळं तिथे आहेत. आपल्याकडे सिरो-मलबार मंडळी आहेत ना, कल्याणला त्यांची स्वतःची आर्चडायोसीज, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, आहे, श्रद्धा एक पण उपासनेची रीत वेगळी, कायदाही वेगळा, तसंच हे. त्यांचे बरेच धर्मगुरू लग्न झालेले असतात, आणि रविवारी फादरांची बायको-मुलं पुढच्या रांगेत उभी असतात हे बघून आपल्याकडचे लोक चमकतील, पण तिथे त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही आणि दोन दिवसांत मलाही वाटेनासं झालं. हंगेरीतल्या ग्रीक कॅथलिकांना 1912 मध्ये हायदूदोरोगची डायोसीज मिळाली आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला मेट्रोपॉलिटन दर्जा दिला, देब्रेत्सेन हे मुख्य केंद्र आणि मिश्कोल्त्स, न्यीरेजहाझा या दोन डायोसीजी तिच्याखाली.

जायचं कसं. बुडापेस्टच्या न्यूगती स्टेशनवरून न्यीरेजहाझाला फास्ट ट्रेननं साधारण तीन तास, तिथे गाडी बदलून मातेसाल्काकडे जाणारी छोटी ट्रेन घ्यायची आणि मारियापोचला उतरायचं. अडचण एवढीच की स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब आहे, उतरल्यावर चहूकडे नुसती शेतं, रेताड जमीन, बर्चची आणि बाभळीसारखी झाडं, सफरचंदाच्या बागा, मार्चमध्ये तर एक पान नसतं कशावर. त्यामुळे येण्याची वेळ आधी कळवून ठेवा, सिस्टर कुणाला तरी गाडी घेऊन पाठवतात. मला घ्यायला चर्चमध्ये कँटर म्हणून गाणारे एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांनी हात मिळवायच्या आधी म्हटलं ‘दिचोशेग येझुश क्रिस्तुश्नाक’, येशू ख्रिस्ताला गौरव असो, आणि उत्तर द्यायचं ‘दिचोशेग मिंदेरोक्के’, सर्वकाळ गौरव असो. हंगेरियनमधली एवढी दोन वाक्यं पाठ करून जा, दुकानात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात, सगळीकडे ग्रीक कॅथलिक एकमेकांना असंच भेटतात आणि परक्या माणसानं उत्तर दिलं की त्यांचा चेहरा असा काही खुलतो की पुढचं सगळं सोपं होतं. व्हिसा शेंगेनचा लागतो, सिस्टरांनी निमंत्रणाचं पत्र पाठवलं त्याचा उपयोग झाला, आणि हंगेरीत युरो नाही तर फोरिंट चालतात, थोडी रोख जवळ असू द्या.

खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पलंग, टेबल, कपाट, रेडिएटर, पूर्वेकडच्या कोपऱ्यात आयकॉन, म्हणजे पवित्र चित्र, आणि त्याच्यासमोर दिवा, बाथरूम स्वच्छ, गरम पाणी दिवसभर. लिफ्ट नाही, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी तळमजल्याची खोली मागून घ्यावी, देतात. खोली ऊबदार पण कॉरिडॉर थंडगार, सकाळच्या प्रार्थनेला जाताना स्वेटर घालूनच निघायचं. वायफाय खालच्या बैठकीच्या खोलीत येतं, वरती नाही, आणि मला विचाराल तर ही या घराची मोठी सोय आहे.

जेवणाचं मात्र सांगायलाच हवं. मी गेलो तो त्यांचा मोठा उपवास चालू होता. त्यांच्याकडे राखेचा बुधवार नसतो, प्रायश्चित्तकाळ आपल्यापेक्षा दोन दिवस आधी, सोमवारीच सुरू होतो, आणि मठात उपवास म्हणजे खरंच उपवास. घेवड्याचं दाट सूप, लाल पाप्रिका घातलेले बटाटे, आंबवलेला कोबी, खसखस आणि साखर घातलेल्या शेवया, पावाबरोबर आलुबुखारचा जाम जो या भागात साखर न घालता तासन् तास आटवतात आणि इतका घट्ट होतो की सुरीनं कापावा लागतो. मांस नाही, बुधवार-शुक्रवारी दूध-अंडीही नाहीत. पोट भरतं, भरपूर वाढतात, परत परत विचारतात. दुपारचं जेवण शांततेत होतं, एक सिस्टर उभी राहून काहीतरी वाचते आणि बाकीच्या जेवतात, मला कळत नसलं तरी त्या आवाजाच्या लयीत जेवायची सवय लागली. रात्रीच्या जेवणाला बोलायची मुभा असते आणि तेव्हा मग भारताबद्दल प्रश्नांचा पाऊस, तुमच्याकडे किती ख्रिस्ती आहेत, मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते का, मदर तेरेसांना कुणी पाहिलंय का. एक सिस्टर रोममध्ये शिकलेल्या आहेत, माझंही इटालियन बरं आहे, त्यामुळे आमचा सगळा व्यवहार त्यांच्यामार्फत चालला.

आता मुख्य गोष्ट, प्रार्थना. या घराचं जे काही आहे ते त्यांच्या छोट्या चॅपलमध्ये आहे, बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी. पहाटेची प्रार्थना, मधल्या प्रहरांच्या प्रार्थना, सायंप्रार्थना, झोपण्यापूर्वीची प्रार्थना, आणि सगळं गाऊन. एकही वाद्य नाही, ऑर्गन नाही, पेटी नाही, एक सिस्टर सूर देते आणि बाकीच्या उचलतात, आणि फक्त सिस्टरच नाही, गावातल्या तीन-चार आज्या रोज सायंप्रार्थनेला येतात त्यांनाही सगळी स्तोत्रं पाठ. बहुतेक वेळ उभंच राहायचं. प्रहरांच्या प्रार्थनेत ‘उराम इरगलमझ’, प्रभू दया कर, हे एकामागून एक चाळीस वेळा येतं आणि पहिल्या दिवशी मी मनात म्हणत होतो की हे कधी संपणार, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की दहा-बाराव्या वेळेनंतरच आपण खरं म्हणायला लागतो, त्याआधी नुसतं तोंड चाललेलं असतं. पाय दुखतात हे खरं. ज्यांना बसायचं असेल त्यांच्यासाठी भिंतीलगत बाकं आहेत आणि कुणी काही म्हणत नाही.

प्रायश्चित्तकाळात त्यात संत एफ्रेमची प्रार्थना असते. हे एफ्रेम चौथ्या शतकातले सिरियन डीकन, आणि प्रार्थना इतकी छोटी की पोस्टकार्डावर मावेल. माझ्या जीवनाच्या प्रभो, आळस, निराशा, सत्तेची हाव आणि वायफळ बोलणं यांचा आत्मा माझ्यापासून दूर ठेव, असं म्हणायचं आणि जमिनीवर कपाळ टेकवायचं. मग शुद्धता, नम्रता, सहनशीलता आणि प्रेम दे म्हणून पुन्हा कपाळ टेकवायचं, आणि शेवटी माझेच दोष मला दिसू दे, माझ्या भावाचा न्याय करायला मला लावू नकोस म्हणून तिसऱ्यांदा. ऐंशीच्या पुढच्या एक सिस्टर आहेत, त्यांना खाली वाकता येत नाही, त्या एका हातानं बाकाचा कडा धरून दुसरा हात जमिनीच्या दिशेनं जितका जाईल तितका नेतात, बोटं गुडघ्याच्या थोडं खाली थांबतात, तिथे क्षणभर थांबून मग सावकाश वर येतात, दरवेळी, एकदाही चुकवत नाहीत. मी आयुष्यभर लोकांना पश्चात्तापावर प्रवचनं दिलीत, आणि सत्तेची हाव आणि वायफळ बोलणं हे दोन्ही आम्हा धर्मगुरूंचे अगदी घरचे आजार आहेत. त्या सिस्टरांच्या मागे उभं राहून ही प्रार्थना म्हणताना जे आत गेलं ते कुठल्याही तपसाधनेच्या प्रवचनातून गेलं नव्हतं.

आपल्या फादरमंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बिझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, परंपरेत मोठ्या उपवासाच्या आठवड्याच्या दिवसांत नेहमीची मिस्सा होत नाही. शनिवार-रविवारी होते, रविवारी तर संत बेसिलच्या लांब प्रार्थनेची, पण मधल्या दिवसांत नाही. त्याऐवजी बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पूर्वपवित्रित दानांची उपासना असते, म्हणजे रविवारीच पवित्र केलेलं ख्रिस्तशरीर राखून ठेवतात आणि सायंप्रार्थनेच्या ओघात ते लोकांना देतात. आता मला रोज मिस्सा अर्पण करायची सवय, आपल्या कायद्यात सक्ती नाही पण कळकळीची शिफारस आहे, आणि सिस्टरांनी स्वतःहून विचारलं की फादर, तुम्हाला हवं तर बाजूच्या खोलीत लॅटिन पद्धतीनं मिस्सा करा, टेबल मांडून देतो. एक दिवस केलीही. मग ठरवलं की यांच्या घरी आलोय तर यांच्याच उपवासात राहावं. सोमवार-मंगळवार काही नाही, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत खरोखर भूक लागलेली असते, पोटाची पण आणि ख्रिस्तशरीराची पण.

बुधवारची ती संध्याकाळ कशी असते सांगतो. चॅपलमध्ये जवळजवळ अंधार, आयकॉनांच्या भिंतीपुढे दोन दिवे. मध्येच धर्मगुरू पेटती मेणबत्ती आणि धुपाटणं हातात घेऊन लोकांकडे वळतात आणि म्हणतात ख्रिस्ताचा प्रकाश सर्वांना उजळतो, आणि सगळे खाली, कपाळ जमिनीला. मग 141वं स्तोत्र, माझी प्रार्थना तुझ्यापुढे धुपासारखी वर जावो, एक सिस्टर वेदीसमोर एकटी गाते आणि बाकीचे गुडघ्यांवरून तेच उत्तर देतात. नंतर पवित्र दानं आत आणतात तेव्हा गाणं पूर्ण थांबतं. आपल्याकडे सगळ्यात मोठ्या क्षणाला घंटी वाजते, क्वायर चढतं, इथे एक आवाज नाही, सगळे जमिनीवर पालथे आणि फक्त धर्मगुरूंच्या पावलांचा आवाज. ख्रिस्तशरीर चमच्यानं देतात, खमीर घातलेल्या भाकरीचं, आणि आपण तोंड उघडून लहान मुलासारखं घ्यायचं. आपण कॅथलिक आहोत त्यामुळे घ्यायला काहीच अडचण नाही, लॅटिन असलो तरी, हे मुद्दाम सांगतो कारण मला हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय.

आणि इथेच मला या घराबद्दल जे सांगायचंय ते येतं. धर्मगुरू कुठेही गेला की कामालाच लागतो. पाहुणा म्हणून जा, एखाद्या कॉन्व्हेंटात जा, उद्याची मिस्सा फादर तुम्ही घ्या, दोन शब्द बोला, कन्फेशनला बसा. प्रेमानंच म्हणतात, पण आपण सतत पुढे तोंड करून उभे असतो, लोकांकडे बघत. इथे मला कुणी काही सांगितलं नाही. भाषा येत नाही, विधी येत नाही, त्यामुळे कामाचा प्रश्नच नव्हता, मी आज्यांच्या मागे उभा राहायचो आणि माझ्यासाठी कुणीतरी दुसरं प्रार्थना चालवत होतं. इतक्या वर्षांच्या धर्मगुरुपदानंतर हे मिळणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कदाचित नाही कळणार, पण जो फादर आतून रिकामा झालाय, ज्याला प्रार्थना म्हणजे पुढच्या रविवारची तयारी वाटायला लागलीय, त्याला मी डोळे मिटून इथे पाठवेन.

स्वयंपाकघरात एकदा जरूर जा, विचारून. शनिवारी सकाळी उपासनेची भाकरी करतात. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, बस. ज्या सिस्टर मळत होत्या त्या एक शब्द बोलत नव्हत्या, ओठ हलत होते फक्त. पिठाचा गोल थापला, त्यावर दुसरा छोटा गोल ठेवला, मग लाकडी शिक्का पिठात बुडवून, झटकून, दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन दाबला आणि उचलला तर मध्ये क्रूस आणि चार कोपऱ्यांत ग्रीक अक्षरं, येशू ख्रिस्त विजयी. मग सुईनं शिक्क्याच्या कडेकडेनं टोचे मारले. का, तर भाजताना आत हवा फुगून अक्षरं फाटू नयेत म्हणून. भट्टीतून काढल्यावर एक भाकरी थोडी चिरली होती, ती बाजूला ठेवली, ती आमच्या नाश्त्याला आली. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी तोच शिक्क्याचा चौकोन सुरीनं कापून वेदीसाठी घेतला आणि उरलेली भाकरी उपासनेनंतर सगळ्यांना वाटली. आपले होस्ट, म्हणजे मिस्सेतल्या भाकरीच्या पातळ चकत्या, पाकिटातून येतात, त्यातही ख्रिस्त तोच आहे, पण ती भाकरी कुणाच्या अंगठ्यांखालून आलीय हे माहीत असताना ती उचलली जाताना बघणं, हे मला पहिल्यांदाच मिळालं.

25 मार्चला मंगलवार्तेचा सण, म्हणजे देवदूतानं मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली तो दिवस, आला आणि तो एक दिवस उपवासातही पूर्ण मिस्सा असते. त्या दिवशी मी सहअर्पण केलं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंबरोबर मिस्सा अर्पण केली. फादरमंडळींनी लक्षात घ्या, दुसऱ्या रीतीच्या चर्चमध्ये सहअर्पण करायचं तर तिथल्या बिशपांची परवानगी लागते, पूर्वेकडच्या चर्चेसच्या कायद्यातलं 701वं कलम, आणि विधी मुख्य धर्मगुरूंच्या रीतीनंच चालतो, दोन्ही रीती मिसळायच्या नाहीत, आपले कपडे मात्र आपले घालायचे. सिस्टरांनी परवानगीचं सगळं आधीच बघून ठेवलं होतं, माझ्या सेलेब्रेटची, म्हणजे धर्मगुरू असल्याच्या दाखल्याची, कॉपी पत्राबरोबरच मागवली होती. आणि दुपारी ताटात मासा! त्यांच्या परंपरेत मोठ्या उपवासात मंगलवार्तेला मासा चालतो. कार्प होता, पाप्रिकात घोळवून तळलेला. वसईच्या माणसाला इतक्या दिवसांच्या घेवड्यानंतर काय वाटलं असेल ते लिहायला नको.

बॅसिलिका घरापासून चालत पाच मिनिटांवर, दोन मनोऱ्यांची, बरोक शैलीतली, अठराव्या शतकात बांधलेली. तिथल्या आयकॉनची गोष्ट फार सुंदर आहे. गावचे न्यायाधीश लास्लो चिग्री तुर्कांच्या कैदेतून सुटले म्हणून त्यांनी नवसाचं चित्र काढायला सांगितलं, इश्तवान पाप नावाच्या चित्रकारानं 1676 च्या सुमारास काढलं, गावच्याच धर्मगुरूंचा भाऊ तो. सहा फोरिंट मागितले, ते चिग्रींना परवडले नाहीत, मग दुसऱ्या एका गावकऱ्यानं ते विकत घेऊन लाकडी चर्चला दिलं. 4 नोव्हेंबर 1696 ला मिस्सा चालू असताना मरियेच्या डोळ्यांतून पाणी येताना लोकांनी पाहिलं आणि ते अधूनमधून 8 डिसेंबरपर्यंत चालू राहिलं. सम्राट लिओपोल्डनं 1697 मध्ये चित्र व्हिएन्नाला नेलं, ते आजही तिथल्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये आहे, आणि गावाला मिळाली नक्कल. ती नक्कल 1715 मध्ये आणि पुन्हा 1905 मध्ये रडली. मूळ चित्र राजानं नेलं, गरिबांकडे कॉपी राहिली आणि आई तिथेही आली, असं मला ते ऐकताना वाटलं आणि मी सिस्टरांना तसं बोललोही. पोप जॉन पॉल दुसरे 18 ऑगस्ट 1991 ला इथे आले होते आणि त्यांनी बिझंटाइन मिस्सा हंगेरियनमध्ये अर्पण केली, गावातले लोक अजून कालची गोष्ट असल्यासारखे सांगतात.

त्या हंगेरियनचंही महत्त्व आहे. या लोकांना आपल्या भाषेत देवाशी बोलायला पिढ्यान् पिढ्या झगडावं लागलं, 1912 मध्ये डायोसीज मिळाली तेव्हा उपासनेची भाषा ग्रीक राहील असा हुकूम होता, जी कुणाला येत नव्हती. मिक्लोश दुदाश नावाचे बिशप होते, जन्म याच मारियापोचचा, त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेच्या, काळात, 1965 मध्ये, खुद्द रोममध्ये सेंट पीटर्सला हंगेरियनमध्ये मिस्सा अर्पण केली. लॅटिन मिस्सा आठवणारी आपल्याकडची जी म्हातारी माणसं आहेत, ज्यांनी पहिल्यांदा मराठीत ‘आमच्या स्वर्गातील बापा’ वेदीवरून ऐकलं, त्यांना यातलं सगळं सांगितल्याशिवाय कळेल.

सिस्टरांचा स्वतःचा इतिहास त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. 1950 मध्ये कम्युनिस्ट सरकारनं हंगेरीतले बहुतेक सगळे मठ-कॉन्व्हेंट बंद केले, सिस्टरांना बाहेर काढलं. शेजारच्या देशांत तर अख्खी ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभाच बेकायदा ठरवली गेली, 1946 मध्ये सोव्हिएत युक्रेनमध्ये, 1948 मध्ये रोमानियात, 1950 मध्ये स्लोव्हाकियात. सीमेपलीकडच्या मुकाचेवोचे बिशप तेओदोर रोम्झा यांना 1947 मध्ये मारलं, 2001 मध्ये त्यांना धन्य घोषित केलं गेलं, त्यांचा फोटो सिस्टरांच्या जेवणघरात आहे. जुन्या सिस्टर मग हॉस्पिटलात, कारखान्यात काम करत राहिल्या, साध्या कपड्यांत, दोघी-दोघी एका खोलीत, आणि रात्री पडदा ओढून हेच प्रहर म्हणायच्या, हळू आवाजात. 1990 च्या सुमारास जेव्हा परत एकत्र यायची मुभा मिळाली तेव्हा ज्या आल्या त्या म्हाताऱ्या होऊन आल्या. आत्ताच्या सिस्टरांना सूर त्यांनीच शिकवले. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना गाताना ऐकताना मला नीट उभं राहवेना.

रविवारी बॅसिलिकात रोमा लोक, ज्यांचे पूर्वज भारतातून गेले, खूप येतात, हा भाग त्यांच्या मोठ्या वस्तीचा आहे, जवळच्या होदास गावात तर त्यांच्यासाठी त्यांच्या लोवारी भाषेत उपासना सुरू करणारे फादर मिक्लोश शोया होऊन गेले. एका रोमा बाईंनी मी इंडियातून आलोय कळल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि नातवंडांना बोलावून दाखवलं, बघा, आपल्या देशातला फादर. मी त्या सगळ्यांना आशीर्वाद दिला, मराठीत.

कमी काय आहे तेही सांगतो. इंग्लिशचा भरवसा धरू नका, फोनवर तर अजिबात नाही. उपासनेचं पुस्तक हंगेरियनमध्येच आहे, त्यामुळे संत जॉन ख्रिसोस्टमच्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या, मिस्सेचा आणि पूर्वपवित्रित उपासनेचा इंग्रजी मजकूर प्रिंट काढून न्या, मोबाइलवर बघत उभं राहणं तिथे बरं दिसत नाही आणि अंधारात दिसतही नाही. आध्यात्मिक मार्गदर्शक, टाइमटेबल, प्रवचनं, असं काही आखून मिळणार नाही, ज्यांना कुणीतरी हाताला धरून नेणारी तपसाधना हवी त्यांनी दुसरीकडे जावं, दिवसातले मोकळे तास तुमचे तुम्हीच भरायचे. प्रपंचातल्या लोकांनाही घेतात, जोडप्यांनाही, पण लहान मुलं घेऊन प्रायश्चित्तकाळात जाऊ नका, त्यांचे हाल होतील. ज्यांना युरोप बघायचाय त्यांनी तर नकोच, आजूबाजूला बघण्यासारखं म्हणजे न्यीरबातोरचं जुनं चर्च आणि मैलोन् मैल सफरचंदाच्या बागा.

पैशांचं म्हणाल तर धर्मगुरूंकडून ठरलेला दर घेत नाहीत, निघताना पाकीट ठेवायचं. कृपा करून नीट ठेवा. हीटिंगचा खर्च किती येतो हे त्यांचं बॉयलर बघितल्यावर मला कळलं, आणि पाहुण्यांनी मिस्सेच्या इन्टेन्शनवर, म्हणजे तुमच्यासाठी मिस्सा अर्पण करीन एवढं म्हणून, भागवून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जायचंच असेल तर 15 ऑगस्ट आणि 8 सप्टेंबरच्या आसपासचे दिवस टाळा, तेव्हा मोठ्या यात्रा असतात आणि खोल्या मिळत नाहीत, प्रायश्चित्तकाळ किंवा ऑक्टोबर उत्तम. निदान तीन-चार महिने आधी पत्र पाठवा, हंगेरियन किंवा इटालियनमध्ये, सोबत सेलेब्रेटची कॉपी आणि तुमच्या बिशपांची किंवा सुपीरियरची दोन ओळींची चिठ्ठी. उत्तर यायला वेळ लागतो कारण पत्रं बघणाऱ्या सिस्टर त्याच, ज्या शनिवारी भाकरी मळतात आणि आजारी सिस्टरांना औषधं देतात, तेव्हा आठवड्यात उत्तर नाही आलं म्हणून दुसरीकडे बुकिंग करून टाकू नका. कुणाला इटालियनमध्ये पत्र लिहायला मदत हवी असेल तर मला मेसेज करा, मी लिहून देईन.